दादूच्या काठी

लेशानच्या ७१ मीटर उंच बुद्धमूर्तीच्या पायथ्याशी येणारी दादू नदी पुष्कळ प्रवासी पाहतात. परंतु तिच्या वरच्या खोऱ्यातील आन्शुनचांग या लहानशा गावापर्यंत थोडेच जातात. चीनच्या सिचुआन प्रांतातील हे गाव. दोन्ही अंगांस उभे डोंगर, मधून धावणारे दादूचे पाणी आणि शेजारीच तिला मिळणारी सोंगलिन नदी. या दोन पाण्यांच्या बेचक्यात १८६३ च्या मे महिन्यात शी दाकाई ससैन्य अडकला.

ग्वांगशी प्रांतात १८३१ मध्ये जन्मलेला हा तरुण ताइपिंग बंडाचा सेनानी होता. चिंग सम्राटांविरुद्ध उठलेल्या या बंडखोरांनी १८५३ मध्ये नानजिंग घेऊन तेथे राजधानी केली. पुढे १८५६ मध्ये त्यांच्या नेत्यांतच भाऊबंदकी माजली आणि तीत शी दाकाईच्या कुटुंबाची कत्तल झाली. स्वपक्षीयांच्या संशयाला विटून तो १८५७ मध्ये सैन्यासह बाहेर पडला आणि सहा वर्षे प्रांतोप्रांती भटकत दादूवर येऊन ठेपला.

नदीला पूर आला होता. पलीकडे सरकारी फौज, सोंगलिनच्या पैलतीरी आणि पाठीमागे सरकारला मिळालेले स्थानिक सरदार. तराफे वाहून गेले, अन्न संपले, घोडे मारून खाल्ले. पुत्रजन्माच्या आनंदोत्सवात त्याने तीन दिवस दवडले, अशी कथा सांगतात. मला ती पटत नाही. पावसापेक्षा माणसाला दोष देणे लोकांना सोपे जाते, इतकेच!

अखेर सैनिकांचे प्राण वाचावेत म्हणून तो जूनमध्ये स्वतः शत्रूच्या स्वाधीन झाला. २५ जूनला चेंगडू येथे त्याचे तुकडे तुकडे करण्यात आले. त्या यातनांतही तो डगमगला नाही, हे शत्रूच्याच अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. वय अवघे बत्तीस. शस्त्रे खाली ठेवलेल्या त्याच्या सुमारे दोन हजार सैनिकांनाही मारण्यात आले. ज्यांच्यासाठी त्याने मान पुढे केली, तेही वाचले नाहीत.

आज आन्शुनचांगमध्ये स्मारक-संग्रहालय आहे, ते मात्र दुसऱ्या सैन्याचे. मे १९३५ मध्ये माओची लाल सेना याच काठी आली, तेव्हा तिचाही शी दाकाई होणार, अशी शत्रूला आशा होती. सतरा सैनिक नावेतून पलीकडे गेले. पण नावा मूठभर, सैन्य हजारोंचे. म्हणून बहुतेक सेना नदीच्या वरच्या अंगाला, १७०६ मध्ये पुरा झालेल्या लुडिंगच्या साखळपुलाकडे वळली. तिकडची वाट सोंगलिन ओलांडून जाते. ती ओलांडणे शी दाकाईला जमले नव्हते.