कोडाचा नकाशा

चित्रकथेत किंवा अ‍ॅनिमेशनमध्ये कोड असलेलं पात्र काढायचं म्हटलं की ब्रश आधी गालावर जातो. एका बाजूला पांढराशुभ्र चट्टा, बाकी अंग कोरं. एकाच बाजूचं कोड असतंही, पण नेहमीचं कोड जोडीनं येतं: दोन्ही डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, बोटांच्या टोकांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर. शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा रंगपेशी मारते, आणि जिथे कातडी घासते वा खरचटते तिथे चट्टा उठण्याची शक्यता जास्त. म्हणून परकराची नाडी जिथे काचते, ती कंबरेवरची रेघही या नकाशात येते. चट्ट्यावरचे केसही पांढरे होऊ शकतात. काळ्याभोर पापणीत मध्येच पाच-सहा पांढरे केस, एवढ्यानं चेहरा खरा वाटू लागतो. रंग परतू लागला तर तो केसांच्या मुळांशी ठिपक्या-ठिपक्यांनी परततो. माझं म्हणणं एवढंच, की चट्टे पात्राच्या स्वभावावरून नव्हे, कातडीच्या या हिशोबानं बसवावेत.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे चित्रात कारणाशिवाय काही असू नये. कोड दाखवलं तर त्याची गोष्टही हवी. चष्म्याला कुणी गोष्ट मागत नाही! गोष्ट मागण्याच्या याच सवयीतून चेहऱ्यावर व्रण असलेला खलनायक जन्मला. तो इतका रुळला, की चेहऱ्यावरच्या व्रणांनी खलनायक ओळखू येतील अशा चित्रपटांना पैसा देणार नाही, असं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला 2018 मध्ये जाहीर करावं लागलं. मग सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाचं काय? तिथे तर कोडच विषय आहे. खरं आहे, पण त्यातली नायिका डोळ्यांची डॉक्टर म्हणून आपल्या जागी ठाम आहे. गोष्ट घडते ती तिच्याकडे बघणाऱ्या घरात. चित्रकारानं तेच करावं. कोड बोलकं करायचं असेल तर शेजारच्या पात्राची नजर काढावी.

दुसरा आक्षेप कामाचा आहे: दोन इंचांच्या आकृतीत एवढं मावणार कसं? सगळं मावत नाहीच. कडांची नक्षी सोडावी, जोडी आणि जागा सोडू नयेत. ओठांची कड आणि बोटांची टोकं पुरतात, आणि गहूवर्णी कातडीवर तो पांढरा रंग कागदासारखा कोरा न ठेवता खालच्या रक्ताची किंचित गुलाबी झाक द्यावी. टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं कपाळावर उठणारा गोल डाग याहून वेगळ्या जातीचा. तो दाखवायचा तर टिकली उतरवायची आणि त्या जागी एक फिका ठिपका ठेवायचा.