तातांगच्या मुलीची फी

परवा रात्री आमच्या चिरंजीवांनी फिलिपाइन्सचा एक चित्रपट लावला. 'ऑन द जॉब' त्याचं नाव. दिग्दर्शक एरिक मॅटी, साल २०१३. "खूनखराबा आहे, बाबा, तुम्हांला सोसायचा नाही," असं मला बजावून स्वारी अर्ध्या तासात घोरू लागली. मी मात्र शेवटपर्यंत बसलो.

गोष्ट मोठी विलक्षण. तुरुंगातल्या कैद्यांना गुपचूप बाहेर काढायचं, पुढाऱ्यांना नकोसा झालेला माणूस त्यांच्या हातून मारवायचा, आणि पुन्हा कोठडीत ढकलायचं. खुनी सापडणार कसा? तो तर आधीच गजाआड! ही कल्पना म्हणे दिग्दर्शकाला एका मोटार-ड्रायव्हरने दिली. आपणच अशी कामं केली आहेत, असं त्यानं सांगितलं. खरंखोटं तो जाणे! तपास करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याची तर वेगळीच पंचाईत. धागा ओढावा तो नेमका खासदार सासऱ्यांच्या दारी जातो.

पण मला विसरता येत नाही तो तातांग. तातांग म्हणजे तिकडे बाबा. जोएल टोरे या नटानं हा उतारवयाचा मारेकरी उभा केला आहे. सुटका जवळ आलेली, म्हणून बरोबरच्या पोराला तो धंदा शिकवतो. एखादा हेडक्लार्क नव्या उमेदवाराला फायली समजावून देतो ना, अगदी तसा. बाहेर आला की मुलीला भेटतो. मुलगी शिकते आहे कायदा! आणि बापाची कमाई ही अशी.

मीही वकिलीच शिकलो. अण्णा एका कचेरीत कारकून. महिनाअखेरीस वाण्याची उधारी ठरलेली. तरी जून उजाडला की कोटाच्या आतल्या खिशातून फीच्या कोऱ्या नोटा निघत. त्या दिवशी आई स्वयंपाकघराबाहेर येत नसे. कर्ज काढलं असेल, कुणाच्या वह्या लिहून दिल्या असतील. मी कधी विचारलं नाही. विचारलं तर कदाचित कॉलेज सोडावं लागेल, एवढं तेव्हाही कळत होतं.

पुढं चाळीस वर्षं कोर्टात साक्षीदारांना दरडावून विचारलं, "पैसे कुठून आले?" अण्णांना एकदाही नाही. ते १९९१ साली गेले.

चित्रपट संपला तसे चिरंजीव जागे झाले. "कसा होता?"

"लांबला जरा," मी म्हटलं, आणि दिवा मालवला.