तुटलेल्या ताऱ्याचे मूळ गाव

दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या शेजारी वसलेल्या द्वारकेत, मुलाच्या सहाव्या मजल्यावरील घराच्या बाल्कनीत उभे असताना, मार्गशीर्षातल्या एका रात्री माझ्या सहा वर्षांच्या नातीने उतरत्या विमानाच्या दिव्याकडे बोट दाखविले आणि ‘आबा, तारा तुटला!’ असे ती आनंदाने ओरडली. लगेच डोळे मिटून तिने मनातल्या मनात काही मागूनही घेतले. तुटत्या ताऱ्याकडे मागणे मागावयाचे असते, असे तिला शाळेतल्या मैत्रिणींनी शिकविले आहे.

आमच्या मेहकरच्या घरी असे बोट दाखविले असते, तर आजीने ते खाली ओढले असते. अंगणात बाजेवर पडल्या पडल्या एखादी तेजाची रेघ दिसली, की ‘कुणीतरी गेलं’ एवढेच म्हणून ती रामनाम घेई, आणि मग बराच वेळ कोणी बोलत नसे. पुढे वाचावयास मिळाले, की वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांचे पाच प्रकार सांगितले असून, स्वर्गात पुण्यफळ भोगून खाली येणाऱ्यांची ती रूपे होत, असे म्हटले आहे. आजीने तो ग्रंथ डोळ्यांनीही पाहिला नव्हता. तरी तिचा समज त्याच वाटेने तिच्यापर्यंत आला असावा, असे मला वाटते.

वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. एकदा त्यांनी मला लोणारला नेले. भगवान विष्णूंनी लवणासुराला मारले ती ही जागा, ही कथा देवळात ऐकून आम्ही कडेवर येऊन उभे राहिलो, तो काळ्या कातळात खोल गेलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आणि त्याच्या तळाशी साचलेले खारट, हिरवट पाणी! आकाशातून आलेल्या पाषाणाने हा खळगा पाडला, हे सांगून वडील काही वेळाने म्हणाले, ‘आला इथवर कळलं, पण निघाला कुठून, याची नोंद कुठल्या दफ्तरात असेल?’ तो प्रश्न मी पुढे नोकरीच्या प्रत्येक बदलीबरोबर गावोगाव वागविला.

त्याचे निदान एक उत्तर मला १७ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे मिळाले. मी रजेवर गावी होतो, अमावास्या दोन दिवसांवर आली होती, आणि तुरीच्या शेतावर सिंह राशीतून एकामागून एक अशा ठळक उल्का सुटत होत्या, की त्यांतल्या काहींचा धूर क्षणभर आकाशात रेंगाळे. टेंपल-टटल नावाचा धूमकेतू सुमारे तेहतीस वर्षांनी सूर्याजवळ येतो. सूर्याच्या उष्णतेने त्याच्या अंगावरील बर्फाची थेट वाफ होते, आणि त्या वाफेबरोबर सुटलेली धूळ, धूमकेतू स्वतः युरेनसच्या कक्षेपलीकडे निघून गेला तरी, सूर्याची रयत होऊन त्याच्याभोवती फिरत राहते. पृथ्वी दर वर्षी ठरल्या तारखेच्या सुमारास त्या मुलुखातून जाते. कण समोरून येत असतात, आपण त्यांच्यावर चालून जातो. सेकंदाला ७१ किलोमीटर या त्यांच्या वेगात जवळजवळ ३० किलोमीटरचा वाटा आपल्या पृथ्वीचाच असतो. म्हणजे तारा पडतो असे ज्याला आपण म्हणत आलो, त्यात पडण्यापेक्षा गाठ पडणेच अधिक आहे, आणि ती गाठ घालून देणारा सूर्य आहे.

त्या पहाटेची धूळ धूमकेतूपासून १३३३ साली सुटलेली होती, असे ज्योतिर्विदांनी गणिताने दाखविले. त्या साली दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता, आणि आमच्या देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तिकडे नेल्याला त्याला सहाच वर्षे झाली होती. दिल्लीहून दक्षिणेला निघालेल्या माणसांचे ते तांडे वाटेत असतील-नसतील, तोच हे कण सूर्यापासून निघाले आणि साडेसहाशेहून अधिक वर्षे वाट चालून विदर्भातल्या एका शेतावर विझले. मी मात्र म्हातारपणी उलट वाटेने दिल्लीस आलो.

नातीला विमान आणि उल्का यांतला फरक दाखवावा म्हणून १३ डिसेंबरच्या रात्री, दोनच्या सुमारास, मी तिला शालीत गुंडाळून गच्चीवर नेले. मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या चालीच्या दिशेला वळते, म्हणून ही वेळ. मिथुनेतील या उल्का फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या. तो १९८३ साली सापडला, बुधाच्याही आत, सूर्यापासून सुमारे दोन कोटी किलोमीटरपर्यंत जातो, आणि ग्रीक कथेतल्या सूर्यपुत्राचे नाव त्याला दिलेले आहे. धुरकट आकाशातून तासाभरात आम्हांला दोनच दिसल्या. दुसरीच्या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ‘आबा, ही कुठून आली?’ असे विचारले. मी तिला सूर्यापासून सांगावयास सुरुवात केली.

टेंपल-टटल २०३१ च्या मे महिन्यात पुन्हा सूर्याजवळ येईल आणि नवी धूळ सोडून जाईल.