चमच्याची साक्ष

नाझी राजवटीने युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार केला, हे वाक्य मी इतिहासाच्या तासाला अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. मुले ते वहीत उतरून घेतात आणि पुढील वाक्याची वाट पाहतात. त्यांत त्यांचा दोष नाही. एवढ्या मोठ्या संख्येला चेहरा नसतो. म्हणून मी खडू खाली ठेवतो आणि त्या संहारातून वाचलेल्या प्रीमो लेव्ही यांची हकीकत सांगू लागतो.

लेव्ही हे इटलीतील तुरीन शहरचे रसायनशास्त्रज्ञ. ते ज्यू होते, म्हणून १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांना मालगाडीत कोंबून पोलंडमधील आउशवित्झच्या छळछावणीत नेण्यात आले. त्यांच्या डब्यातील ४५ जणांपैकी अवघे चार पुढे घरी परतले. छावणीत त्यांचे नाव गेले. हातावर गोंदलेला १७४५१७ हा क्रमांक तेवढा उरला.

तेथे कैद्यांना पातळ सूप मिळे, परंतु चमचा मिळत नसे. चमचा नसेल, त्याने ते जनावराप्रमाणे तोंड लावून प्यावे. हवा असेल, त्याने पोटाला चिमटा घेऊन आपल्या वाट्याचा पाव द्यावा आणि तो विकत घ्यावा. १९४५ च्या जानेवारीत छावणी मुक्त झाली, तेव्हा कोठारांत हजारो कोरे चमचे सापडले! माणसाला आपल्या माणूसपणाचा विसर पडावा, एवढ्यासाठीच ते अडवून ठेवले होते. येथे वर्ग स्तब्ध होतो. वंशसंहार म्हणजे काय, हे मुलांना व्याख्येवाचून उमगू लागते.

पुढे लेव्ही इटलीतील शंभराहून अधिक शाळांत गेले. “तुम्ही पळून का गेला नाही?” असे मुले त्यांना विचारीत. पाचवीतील एका मुलाने तर त्यांच्याकडून फळ्यावर छावणीचा नकाशा काढून घेतला आणि सुटकेची युक्ती समजावून दिली! माझे विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात. उपाशी देह, मुंडलेले डोके, पायांत लाकडी तळव्यांची पादत्राणे आणि भोवती परका देश; असा मनुष्य पळून कोठे जाणार? हे मुलांनाच ठरवू द्यावे. लेव्हींनीही आपल्या ग्रंथात आक्रोश केला नाही. साक्षीदाराच्या शांत भाषेत सांगून निवाडा वाचकांवर सोपविला.

लेव्ही १९८७ साली निवर्तले. त्यांची साक्ष आता ऐकणाऱ्यांच्या हाती आहे. कोणी कोणाचे नाव टाकून त्याला हिणकस शब्दाने हाक मारील, तेव्हा ज्याला तो चमचा आठवेल, त्याने ती खरोखर ऐकली.