निळी शाई, लाल उजेड

मंडळी, आज विषय जरा दुखरा आहे. दाढ. रूट कॅनल म्हटलं की आपल्याला आठवतं ते इंजेक्शन, मशीनची घरघर आणि शेवटी हातात येणारं बिल. आतमध्ये नक्की काय साफ करतात हे विचारायच्या मनःस्थितीत त्या खुर्चीत कोण असतं?

तर आत असते एक नळी. पण सरळ पाइपसारखी नाही. वॉल्टर हेस नावाच्या स्विस संशोधकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हजारो दातांत रबर भरून आतल्या पोकळीचे साचे काढले. निघालं काय, तर पुण्यातल्या पेठांचा नकाशा! फाटे, बोळ, मधेच जोडणाऱ्या फटी. शिवाय दाताच्या भिंतीत एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य सूक्ष्म नळ्या. जंतू साधारण एक मायक्रॉनचा. म्हणजे त्याला राहायला फर्निश्ड फ्लॅटच.

आणि जंतू हाच खरा प्रश्न आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून आतला गर उघडा ठेवला. साध्या उंदरांचा गर सडला. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा मात्र, आत अन्न अडकूनही, आपोआप भरून यायला लागल्या. थोडक्यात, जंतू नाहीत तर आजार नाही.

मग डॉक्टर काय करतात? बारीक फाइलने नळी घासतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. हो, आपल्या घरातल्या ब्लीचमधलं तेच रसायन. फाइल सगळ्या भिंतींना टेकत नाही, म्हणून बोळांतलं काम या द्रावणावर. तेही सगळीकडे पोचतंच असं नाही. फसलेल्या रूट कॅनलमध्ये एन्टरोकोकस फिकॅलिस नावाचा एक चिवट जंतू बऱ्याचदा सापडतो. अँटिबायोटिकची गोळी इथे फारशी कामाची नाही, कारण मेलेल्या दातात रक्तच जात नाही. औषध पोचणार कसं?

इथे येतो उजेड. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याने एक गंमत नोंदवली. अ‍ॅक्रिडीन या रंगाच्या द्रावणात पॅरामेशियम कधी पटकन मरायचे, कधी बराच वेळ जगायचे. द्रावण तेच, प्रमाण तेच. आपल्याकडे असा बग आला की आपण 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून मोकळे होतो :-) राबने शोधून काढलं की फरक खोलीतल्या उजेडाचा होता.

दातात आज तीच युक्ती वापरतात. नळीत मिथिलीन ब्लूसारखा रंग सोडायचा (फिशटँकवाल्यांकडे मिळतो तोच निळा रंग). तो जंतूंना चिकटतो. काही मिनिटांनी बारीक फायबरमधून लाल उजेड आत सोडायचा. रंग ती ऊर्जा घेऊन शेजारच्या ऑक्सिजनला देतो, आणि असा चेतलेला ऑक्सिजन जंतूचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे सापडेल ते जाळतो. नुसता रंग किंवा नुसता उजेड जवळजवळ काहीच करत नाही. सरळ सरळ अँड गेट. आणि मारा एकाच जागी नसल्यामुळे जंतूंना याला सरावणं अवघड जातं.

हे सगळं मी वाचलं ते आईच्या दाढेमुळे. जुनी रूट कॅनल, हिरडीवर पुन्हा पुळी, आणि नव्या कोटेशनमध्ये लेझरची वेगळी ओळ. आई म्हणाली, "अरे, ते लायटीचं घ्यायचं का? नाहीतर सरळ काढूनच टाकते दाढ." पैशांपेक्षा मला तिचं ते दुसरं वाक्य लागलं.

मी तिला सांगितलं ते असं. चेतलेला ऑक्सिजन काही मायक्रोसेकंदांतच संपतो, म्हणून जंतूच्या अगदी अंगाशीच काम करतो. खोल बोळात रंग कमी पोचतो, उजेड कमी, ऑक्सिजनही कमी. जंतूंचा थर जाड असेल तर आणखी पंचाईत. प्रयोगशाळेतले आकडे छान आहेत, आणि नेहमीच्या धुण्यानंतर हा उपाय केला तर उरलेले जंतू आणखी कमी झाल्याचं रुग्णांमध्येही दिसलंय. पण त्यामुळे दाढ जास्त वर्षं टिकते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून घे, पण वरचा थर म्हणून. दाढ वाचेल ती आधीच्या घासण्याधुण्याने. तिने दाढ ठेवायचं ठरवलं.

तुमच्यावर किंवा घरच्यांवर ही वेळ आली तर उजेडाच्या आधी चार गोष्टी विचारा. रबर डॅम लावणार का? सगळ्या नळ्या सापडल्या का? हायपोक्लोराइटने पुरेसा वेळ धुणार का? वर नीट कॅप कधी बसणार? चारही उत्तरं पक्की असतील तर निळा रंग आणि लाल उजेड ही चांगली जोड आहे. नसतील तर तो नुसताच महागडा दिवा.