एका कंदाची भाजी

आपल्या घरी करांदे उकडतात, सुरण शिजते, रताळी तर सर्वांच्याच ओळखीची. आज ज्या कंदाविषयी लिहीत आहे तो परदेशचा. फ्रान्समध्ये त्यास तोपिनाम्बूर म्हणतात. इंग्रजीत त्याच्या नावामागे जेरुसलेम लागले आहे. परंतु त्या पवित्र नगरीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सूर्यफुलाला इटालियन भाषेत ‘जिरासोले’ म्हणतात, त्याचाच हा अपभ्रंश, असे बहुतेक जाणकार मानतात. झाड सूर्यफुलाच्याच कुळातले, मूळचे उत्तर अमेरिकेतले. फ्रेंच नावही असेच उसने. १६१३ साली ब्राझीलमधील तुपिनांबा जमातीचे काही लोक कापुचिन मिशनऱ्यांबरोबर पॅरिसला आले, नगरभर त्यांचीच चर्चा झाली, आणि नव्याने आलेल्या या कंदाला त्या बिचाऱ्यांचे नाव चिकटले!

गुरुदीक्षेनंतर अभ्यासासाठी मी फ्रान्सला गेलो असता एक हिवाळा खेड्यातील धर्मग्रामगृहात काढला. तेथील धर्मगुरू सत्तरी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ. एके दिवशी बाजारात हे कंद दिसले. आल्यासारखे गाठाळ, अंगाला माती. मला एकदम घर आठवले. किलोभर घेऊन आलो.

गाठींमुळे साल काढणे जिकिरीचे. मात्र ब्रशने स्वच्छ घासले तर साल ठेवूनही चालते. चिरताच फोडी काळ्या पडतात, म्हणून त्या लिंबाच्या पाण्यात टाकाव्या लागतात. शिजताना जवळून हलू नये. आता कच्चा वाटणारा कंद पाहता पाहता लगदा होतो. मी मीठ-लिंबाच्या पाण्यात फोडी उकडल्या आणि आईने बांधून दिलेली मोहरी, लसूण व सुकी मिरची यांची फोडणी दिली. थंडी खाल्लेला कंद अधिक गोड लागतो. हे तर कडाक्याच्या थंडीतले होते.

मोठ्या हौसेने मी ताट पुढे केले. त्यांनी पाहिले आणि चमचा खाली ठेवला.

बऱ्याच वेळाने ते बोलू लागले. १९४० ते १९४४ फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. बटाटा शिधापत्रिकेवर, त्यातलाही बराचसा सैन्याकडे जाई. हा कंद गुरांचा चारा, म्हणून तेवढा घरात राही. सकाळी तोच, रात्री तोच. ते आठ-दहा वर्षांचे होते, रोज कुरकुरत. आई म्हणे, “तुम्ही खा, मी चुलीपाशीच जेवले.” एका रात्री पाणी प्यायला उठले, तर आई अंधारात पातेल्याच्या तळाशी उरलेल्या साली खात बसलेली. ते तसेच मागे फिरले. आपण पाहिले, हे त्यांनी तिला अखेरपर्यंत सांगितले नाही. युद्ध संपल्यावर त्या घरात हा कंद पुन्हा आला नाही.

एवढे सांगून त्यांनी ताट जवळ ओढले आणि सगळी भाजी संपविली. मिरचीने डोळ्यांत पाणी आले, असे म्हणाले.

त्या रात्री आम्हा दोघांच्या पोटात जो गडगडाट झाला त्याचे वर्णन कौटुंबिक साप्ताहिकात न केलेले बरे. बटाट्यात पिष्ट असते, यात इन्युलिन. ते आपल्याला पचत नाही, आतड्यातले जंतू ते आंबवितात आणि वायू धरतो. पाहुण्यांना पहिल्या वेळी चार फोडींहून अधिक वाढू नयेत, हे मला कोणी सांगितले नव्हते.

झोप येईना. लहानपणी आमच्या घरचे भात बुडाले त्या वर्षी आई करांदे उकडून ठेवी. कडू लागतात म्हणून आम्ही भावंडे ताट सारीत असू. ती सगळे आपल्याकडे ओढून घेई. दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला आणि त्या वर्षाविषयी विचारले.

“अरे, मला करांदे आवडायचेच,” आई म्हणाली, आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारू लागली.