देवलमरीचे खडक आणि समुद्राची वाट

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की वाघ, साग, कोळसा आणि लोहखनिज आठवतं. समुद्र कुणालाच आठवत नाही. पण या दोन जिल्ह्यांतलं पावसाचं पाणी अखेर बंगालच्या उपसागराला मिळतं. एकोणिसाव्या शतकात तर काही वर्षं सरकारी अभियंत्यांनी असा हिशेब मांडला होता की वर्धेच्या खोऱ्यातला कापूस इथे बोटीत चढेल आणि थेट काकीनाड्याच्या बंदरात उतरेल. त्या हिशेबाच्या आड जे खडक आले, त्यांतला एक पट्टा आजही अहेरी तालुक्यात देवलमरीपाशी प्राणहितेच्या पात्रात उभा आहे.

माझं आयुष्य नद्यांचं पाणी मोजण्यात गेलं. किती खोल, किती रुंद, किती वेगानं आणि किती घनमीटर, या चार प्रश्नांभोवती आमचं शास्त्र फिरतं. हे आकडे काठावर बसून, पुलावरून किंवा पाळण्यातून मिळतात. पण नदीचा तळ, तिच्या वाटा आणि तिचे अडथळे कळायचे तर नावेत बसून तिच्याबरोबर खाली जावं लागतं. म्हणून वर्धा-वैनगंगेच्या संगमापासून सिरोंच्यापर्यंत पाण्यानं उतरायचं आम्ही ठरवलं. त्या प्रवासातला देवलमरीचा दिवस इथे सांगतो, कारण या नदीचा सगळा इतिहास आणि तिचा आजचा प्रश्न त्या एका टप्प्यात एकत्र भेटतो.

आधी नदीची ओळख. बैतुल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावलेली वर्धा बल्लारपूरच्या गोंडकालीन किल्ल्याखालून येते. शिवनी जिल्ह्यातून निघालेली वैनगंगा भंडारा, पवनी करत मार्कंड्याला उत्तरवाहिनी होते आणि पुन्हा दक्षिणेला वळते. चपराळ्याजवळ दोघी एक होतात, तिथून पुढे नाव प्राणहिता. लांबी म्हणाल तर अवघी ११३ किलोमीटर. पण पैनगंगा, कन्हान, पेंच या सगळ्यांचं पाणी पोटात घेतल्यामुळे तिचं खोरं सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचं आहे. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा हा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग. सिरोंच्याजवळ, कालेश्वरच्या समोर, ती गोदावरीला मिळते तेव्हा नाव गोदावरीचं राहतं, पण पाण्याचा जोर पुष्कळसा प्राणहितेचा असतो.

कोकणातला तांडेल भरती-ओहोटीच्या वेळा पाहून होडी काढतो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. आमच्या नदीला भरती वर्षातून एकदाच येते, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ओहोटी पुढच्या जूनपर्यंत चालते. पुरात नाव घालणं म्हणजे जिवाशी खेळ. उन्हाळ्यात जागोजागी रेतीचे पट्टे वर येतात आणि नाव ओढत न्यावी लागते. खऱ्या अर्थानं नौकानयनाचा काळ पूर ओसरल्यापासून हिवाळा संपेपर्यंतचा. आम्ही दिवाळीनंतर निघालो ते याच हिशेबानं.

नावाडी स्थानिक ढिवर समाजातले. वय झालेले, काटक, सगळे त्यांना मामा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. वांगेपल्लीच्या घाटावरून सकाळी नाव सोडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. डाव्या थडीला महाराष्ट्र, उजव्या थडीला तेलंगण. मधल्या रेतीच्या बेटावर चक्रवाकाच्या जोड्या बसलेल्या. दोन्ही थड्यांची गावं एकमेकांची सोयरी आहेत. इकडची लेक तिकडे दिलेली, तिकडचा बाजार इकडच्यांच्या सोयीचा. एकाच घाटावर मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया कानावर पडते. राज्यांची हद्द नदीच्या मधोमध गेली आहे, पण लोक नदीला आपला रस्ता मानत आले आहेत.

मामा नावेच्या टोकाशी उभे राहून बांबूनं नाव हाकत होते, मागे त्यांचा पुतण्या वल्ह्यावर. माझ्या मांडीवर नकाशा होता, मामांची नजर पाण्यावर. थोड्या वेळानं मी नकाशा मिटला, कारण पुरानं रेती सरकलेली होती आणि नकाशातली धार जिथे दाखवली होती तिथे आता गुडघाभर पाणी होतं. मामा मात्र एकदाही चुकले नाहीत. ते पृष्ठभाग वाचत होते. पाण्यावर कैचीसारखी खूण उमटते. तिचं टोक उताराच्या दिशेला असेल तर दोन अडथळ्यांमधून खोल पाणी निसटतंय, नाव तिथूनच घालायची. टोक वरच्या बाजूला, आपल्याकडे असेल तर त्या टोकाखाली खडक आहे. बारीक, अंगावर शहारे यावेत तशा लाटा एकाच जागी थरथरत असतील तर खाली उथळ रेती. आणि तुकतुकीत, हिरवट, काहीच न करणारं पाणी दिसलं की डोह. हेच आम्ही द्रवगतिकीच्या पुस्तकात शिकतो. तळाचा उंचवटा, वेग, खोली आणि पृष्ठभागावरची लाट यांचा संबंध तिथे समीकरणात असतो, इथे तो एका माणसाच्या नजरेत होता.

देवलमरी जवळ आली ती आधी कानांना कळली. मग पात्रभर काळपट खडकांच्या रांगा दिसू लागल्या. एकसंध भिंत नाही. कमी-जास्त उंचीचे कातळ, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या घळया आणि प्रत्येक घळीतून वेगळ्या वेगानं सुटणारं पाणी. मामांनी नाव थडीला लावली.

“इथं नाव तशीच सोडाची नाही जी,” ते म्हणाले. “आधी पायानं पाहू, मग नावेनं.”

खडकांवरून चालत त्यांनी एकेक घळ तपासली. तोवर मी वरच्या शांत डोहात माझं काम करून घेतलं. नाव दोरानं धरून ठेवायची, दांड्यानं खोली घ्यायची आणि पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश अंतरावर प्रवाहमापक सोडायचा. त्याच्या वाट्या पाण्यात फिरतात, फेऱ्यांची टिकटिक मोजायची, वेळेनं भागायचं, वेग मिळतो. एकेका उभ्या पट्टीचा वेग, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदीचा विसर्ग. केंद्रीय जल आयोगाच्या आष्टी, टेकरा अशा केंद्रांवर हेच काम वर्षानुवर्षं चालतं. पावसाळ्यात तिथले कर्मचारी तासातासाला पाणपातळी नोंदवतात, त्यावर खालच्या भद्राचलमपर्यंतच्या पूर-इशाऱ्यांचा आधार असतो.

मामांनी निवडलेली घळ मला सर्वांत अरुंद वाटली होती. माझ्या अंदाजानं डावीकडची रुंद वाट बरी. त्यांनी हातातली वाळकी फांदी दोन्ही घळींत टाकून दाखवली. रुंद घळीत ती खाली जाऊन गरगर फिरत राहिली, अरुंद घळीतून सरळ निघून गेली. सामान उतरवलं, नाव हलकी केली, पुढे-मागे दोर बांधले आणि चौघांनी काठानं धरत ती त्या अरुंद वाटेनं उतरवली. मग पुन्हा सामान चढवलं. एवढ्या तुकड्याला दुपार कलली.

याच दुपारच्या खटाटोपावर एका साम्राज्याची योजना अडली होती. धवलेश्वरमला गोदावरीवर १८५२ पर्यंत मोठा बंधारा पुरा करणारे आर्थर कॉटन हे जलमार्गांचे कट्टर पुरस्कर्ते. रेल्वेपेक्षा पाण्यावरची वाहतूक स्वस्त, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या प्रेरणेनं हेग या अभियंत्यानं गोदावरीच्या वरच्या भागाची पाहणी केली. समुद्रापासून विदर्भापर्यंतच्या वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे निघाले. पहिला भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा आमच्या देवलमरीला. खडकांना वळसा घालणारे कालवे काढायचे, त्यांत दारं असलेले लॉक बांधायचे आणि बोटी पायरी-पायरीनं चढवायच्या, अशी कल्पना. १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांना गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख मिळाल्यावर अप्पर गोदावरी जिल्हा केला गेला आणि सिरोंचा त्याचं मुख्यालय झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचे भाव आकाशाला भिडले तेव्हा या योजनेला चांगलाच जोर चढला.

पुढे सगळंच उलटलं. अमेरिकेतलं युद्ध १८६५ मध्ये संपलं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि विदर्भाचा कापूस पश्चिमेला वळला. इकडे जंगलातला हिवताप मजुरांना टिकू देईना आणि खर्च वाढत गेला. १८७१ मध्ये काम थांबलं. पुढे काही वर्षांत अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. जलमार्ग झाला असता तर सिरोंचा आज नदीवरचं मोठं बंदर असतं असं काहीजण हळहळून म्हणतात. मला तसं वाटत नाही. आकडे समोर ठेवून मी सांगतो की ही नदी वर्षभर जहाजं चालवण्याची नव्हेच. ऑगस्टमधलं पाणी आणि मे महिन्यातलं पाणी यांत इतकं अंतर आहे की एकाच लॉकला दोन्ही पेलणं अवघड. त्या अभियंत्यांनी अंतर मोजलं, खडक मोजले, पण नदीची वार्षिक भरती-ओहोटी त्यांच्या हिशेबात पुरेशी आली नसावी.

जे जमलं ते नदीच्या चालीनं चालणाऱ्यांना. अहेरी-आल्लापल्लीच्या जंगलातला साग प्राणहिता-गोदावरीतून तराफे करून राजमहेंद्रीकडे जाई. ओला साग जड, पाण्यात बुडतो, म्हणून त्याला बांबूचे भारे बांधून तरंगता ठेवावं लागतं. ओंडक्यांना लॉक लागत नाही, कालवा लागत नाही. पाणी चढलं की निघायचं, अडलं की थांबायचं. तराफ्यावरच्या माणसांना प्रत्येक घळ, प्रत्येक डोह, मुक्कामाची प्रत्येक रेती पाठ असणार. त्यातलं फारसं कुणी लिहून ठेवलं नाही.

देवलमरीच्या खाली नदी पुन्हा रुंद आणि संथ झाली. संध्याकाळी नाव रेतीवर ओढली, चूल मांडली, भात शिजला. मामांनी त्या रात्री घाटांची, डोहांची आणि खडकांची नावं एकामागून एक सांगितली, काही मराठी, काही तेलुगू, काही गोंडी. मी ती वहीत उतरवत गेलो. त्यांतलं एकही नाव सरकारी नकाशात नव्हतं.

आता नदी पूर्वीची राहिलेली नाही. वर वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची ३३ दारं आहेत. ती उघडली की पुराची चाल बदलते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेकाठच्या गावांनी ते अनुभवलं. जुलै २०२२ मध्ये गोदावरीचं पाणी भद्राचलमला ७१ फुटांवर गेलं तेव्हा सिरोंचा तालुक्यातली गावं पाण्याखाली होती. खाली गोदावरीवर मेडिगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी आमच्या काठच्या शेतांत शिरू लागल्याची ओरड झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. पूल झाले, त्याचा मला आनंद आहे. आजारी माणूस पुलावरून अर्ध्या तासात दवाखान्यात पोचतो, याहून मोठी गोष्ट नाही. पण पूल सगळीकडे नाहीत, आणि जिथे नाहीत तिथे माणसं अजून नावेनंच जातात.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. पलीकडच्या काठावर मिरची तोडायला निघालेल्या बायका होत्या. त्यांतल्या काही परतल्या नाहीत. जानेवारी म्हणजे पूर नाही, वादळ नाही. सकाळचं संथ पाणी होतं. समुद्रावर प्रवासी नेणाऱ्या बोटीला नोंदणी लागते, जीवरक्षक जाकिटं लागतात, किती माणसं बसवायची याची रेघ असते. आमच्या नदीवर रोज मजुरीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं काही नसावं, हे मला पटत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्राणहिता, वैनगंगा, वर्धा आणि इंद्रावतीवरच्या प्रत्येक चालत्या घाटावर जाकिटं ठेवा, नावेची नोंद करा, किती माणसं बसायची ते नावेवरच रंगवा. वरच्या धरणातून पाणी सुटणार असेल तर घाटावरच्या नावाड्याच्या फोनवर त्याच्या भाषेत निरोप द्या. आणि गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत एकेका म्हाताऱ्या नावाड्याजवळ बसावं, त्याच्याकडून डोहांची, खडकांची, धारेची नावं घ्यावीत आणि नकाशावर उतरवावीत. खर्च वहीचा आणि एसटीच्या तिकिटाचा. कॉटनच्या योजनेला लाखो रुपये लागले आणि ती बुडाली. हे काम दोन वर्षांत होऊ शकतं, आणि त्यातून उद्या एखादी नाव वाचेल.